शब्दयोगी की शब्दवियोगी?

गेल्या कोजागिरीची गोष्ट. सिरुसेरीतील एका उंच इमारतीच्या गच्चीवर दहा-बारा मराठी कुटुंबे एकत्र आली होती. चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर असलेले हे एके काळचे खेडे आज संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी वेढले आहे. आणि शहरातली भाडी न परवडणारे आमच्यासारखे केंद्र सरकारचे कारकूनही त्या इमारतींच्या आसऱ्याने बिऱ्हाड करून आहेत. ईशान्य मोसमी पावसाच्या ढगांनी चंद्र झाकून टाकला होता. दूध मात्र वेळेवर आटले होते. पेले फिरत असता एका उच्चशिक्षित गृहस्थांनी एक सिद्धान्त मांडला. ते म्हणाले, "मराठी ही मुळातच ढिली भाषा. इंग्रजीत 'इन', 'ऑन', 'अॅट', 'अप', 'आउट' या चिमुकल्या शब्दांनी कोणत्याही वस्तूचा ठावठिकाणा नेमका सांगता येतो. मराठीत आधी 'च्या' लावा, मग 'संदर्भात' लावा, 'माध्यमातून' लावा, तेव्हा कुठे वाक्य हलते!"

सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही गप्प राहिलो. वरच्या श्रेणीतील माणूस बोलत असता खालच्याने गप्प राहावे, ही सवय कचेरीतून गच्चीवर येतानाही सुटत नाही. तेथे दिले नाही ते उत्तर येथे देत आहोत.

परंतु उत्तरापूर्वी पुरावा. त्याच इमारतीच्या लिफ्टशेजारी आमच्या छोट्याशा मंडळाची एक सूचना लावलेली होती, आणि ती याच गृहस्थांनी लिहिली होती. ती अशी: "मंडळाच्या सर्व सदस्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, आगामी गणेशोत्सवाच्या संदर्भात वर्गणी गोळा करण्याच्या प्रक्रियेस प्रारंभ करण्यात आला असून, सदस्यांनी आपली वर्गणी कोषाध्यक्षांच्या माध्यमातून पंधरा तारखेच्या पूर्वी जमा करण्याच्या बाबतीत सहकार्य करावे." म्हणजे ज्या ढिल्या मराठीबद्दल गृहस्थ हळहळत होते, ती त्यांनी स्वतःच विणलेली होती. आमचा वाद त्या गृहस्थांशी नाही. आमचा वाद आपणा सर्वांच्या अंगात मुरलेल्या एका समजुतीशी आहे.

प्रथम इंग्रजीचा तो नेमकेपणा तपासून पाहू. इंग्रज मोटारीच्या 'इन' असतो, पण बसच्या 'ऑन' असतो. दोन्हीकडे तो बसलेला मात्र आतच असतो. वाराला 'ऑन', महिन्याला 'इन', घड्याळातल्या वेळेला 'अॅट'. सकाळला 'इन' आणि रात्रीला 'अॅट'. शाळेला जायचे तर 'टु' हवा. घरी जायचे तर 'टु' लावणारा हास्यास्पद ठरतो, तेथे नुसते 'गो होम'. एका 'विथ'कडे पाहा. इंग्रज मित्राबरोबर जेवतो तेव्हा 'विथ', चमच्याने जेवतो तेव्हा 'विथ', आनंदाने जेवतो तेव्हाही 'विथ'. मराठीला सोबत, साधन आणि रीत यांतला भेद कळतो. ती सोबतीला 'बरोबर' देते, आणि साधन व रीत यांना 'ने'. मग ढिली कोण आणि नेमकी कोण? इंग्रजीला हिणवावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. प्रत्येक भाषेत रूढी असते, तशी तीही रूढी आहे. आमचे म्हणणे इतकेच की ती रूढी आहे, शास्त्र नव्हे.

या रूढीचा इतिहासही बोधप्रद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तिप्रत्यय होते. ते हळूहळू झिजून गेले, नाम उघडे पडले, आणि त्याचा भार पुढे उभ्या राहणाऱ्या चिमुकल्या शब्दांवर आला. 'गो होम' हा त्या जुन्या द्वितीयेचाच अवशेष आहे. आणखी मौज अशी की, जी शब्दयोगी आणि नाम एकत्र जोडण्याची पद्धत आपल्याला खेडवळ वाटू लागली आहे, तीच इंग्रजीनेही चोरपावलांनी केली आहे. 'टुडे' म्हणजे 'टु' आणि 'डे'. 'इन्स्टेड' म्हणजे 'इन' आणि 'स्टेड', म्हणजे जागा. 'अलाइव्ह', 'असलीप', 'अवे' यांच्या आरंभीचा 'अ' हा मूळचा 'ऑन'. आणि ज्याच्यावाचून इंग्रजाचे पाऊल हलत नाही तो 'डाउन'? त्याचे जुने रूप 'ऑफ ड्यून', म्हणजे 'टेकडीवरून'! एक शब्दयोगी आणि एक नाम यांचा सांधा जुळून क्रियाविशेषण झाले, मग झिजता झिजता आरंभीचा तुकडा गळाला, आणि उरलेली टेकडी आज इंग्रजाला जिन्यावरून खाली आणते.

आता आपले घर पाहू. 'डोंगरावरून' हा शब्द घ्या. 'डोंगर' हे नाम. त्याचे सामान्यरूप 'डोंगरा'. त्याला 'वर' जोडले. 'वर'ला पुन्हा 'ऊन' जोडले. चार पायऱ्या, एक शब्द, आणि एकही पायरी झिजून अदृश्य झालेली नाही. 'घरातून' म्हणताना आपण आधी घराच्या आत शिरतो आणि मग तेथून निघतो. इंग्रजाला तेथे 'आउट' हे क्रियाविशेषण आणि 'ऑफ' हे शब्दयोगी असे दोघे बोलवावे लागतात. 'घरातल्यांपैकी' एवढ्या एका मराठी शब्दासाठी इंग्रजीत 'फ्रॉम अमंग दोज इन द हाउस' अशी सहा शब्दांची पंगत बसते. 'घरी', 'घरात', 'घराशी', 'घराकडे', 'घरापाशी', 'घरापर्यंत', 'घराहून', 'घरावरून' या आठांमधला भेद आमच्या आजीला शाळेचे तोंड न पाहता येत होता. अशा भाषेला नेमकेपणा नाही म्हणावे, हे धाडसच होय.

आपल्या व्याकरणाच्या परिभाषेतही हा न्याय दिसतो. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. इंग्रजी व्याकरणाचा आदर्श आपल्या व्याकरणांपुढे होताच. तरी 'प्रिपोझिशन' म्हणजे 'आधी ठेवलेला' हे नाव मराठीत जसेच्या तसे रूढ झाले नाही; कारण मराठीत तो शब्द आधी येत नाही आणि वेगळा ठेवलाही जात नाही. रूढ झाले ते 'शब्दयोगी' हे नाव. शब्दाशी ज्याचा योग होतो तो. नियमच नावात सांगितलेला आहे. 'तो वर गेला' यात 'वर' एकटा आहे, म्हणून क्रियाविशेषण. 'तो माडीवर गेला' यात तो नामाला चिकटला, म्हणून शब्दयोगी. इंग्रजीतला 'अप' हीच दोन्ही कामे करतो; फरक इतकाच की आपला 'वर' नामाला चिकटताना त्याचे रूप पालटवतो, आणि त्या पालटातून श्रोत्याला पुढे काही येणार याची चाहूल लागते.

येथे कोणी विचारील, मग 'च्या' हा काय गुन्हेगार आहे? मुळीच नाही. त्याला त्याचे काम आहे. 'कचेरीमागे' हा शब्द बंद आहे. त्यात 'अगदी' घालायचे झाले तर सांधा उघडावा लागतो, आणि आपण 'कचेरीच्या अगदी मागे' असे म्हणतो. भर द्यायचा असेल, दोन गोष्टींतला विरोध दाखवायचा असेल, तेथेही 'च्या' शोभतो. पाहुणा यायचा असेल तेव्हा दार उघडावे हे ठीकच; पण पाहुणा नसता अहोरात्र दार सताड उघडे ठेवण्याचे प्रयोजन काय? 'तारखेच्या पूर्वी', 'कामाच्या साठी', 'टेबलाच्या वरती' यांत कोणता पाहुणा येणार आहे? त्याहून वाईट म्हणजे 'टेबल च्या वर', 'मुंबई ला', 'गाव मध्ये' असे प्रत्यय सुटे करून लिहिणे. हिंदी आपल्या नामांपुढे 'के', 'को', 'में' सुटे लिहिते. तो तिचा नियम आहे आणि तिला तो शोभतो. आपण बारा गावचे पाणी प्यालेले नोकरदार. एक डोळा हिंदी पाट्यांवर, दुसरा इंग्रजी फायलींवर. या दोहोंच्या ओढाताणीत आपला शब्दयोगी शब्दवियोगी होऊन बसला आहे.

परक्या भाषांचा संसर्ग टाळता येत नाही असे म्हणून हात झटकणारांनी जरा मागे पाहावे. 'बद्दल', 'बाबत', 'मार्फत', 'तर्फे', 'ऐवजी', 'शिवाय' हे सारे अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले पाहुणे. मूळ फारसी रचनेत असे शब्द नामाच्या आधी उभे राहत. मराठीने त्यांना दारातच सांगितले की येथे राहायचे तर नामाच्या मागे आणि नामाला धरून राहावे लागेल. म्हणून आपण 'कामाबद्दल' म्हणतो, 'वकिलांमार्फत' म्हणतो, आणि हे शब्द परके होते याची आठवणही कोणाला उरलेली नाही. 'बँकेत', 'कोर्टात', 'पोस्टात', 'पेन्सिलीने', 'मोटारीतून' म्हणताना आपल्या आजोबांनी इंग्रजी नामांनाही हीच वागणूक दिली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला, तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. ते शक्य झाले, कारण नावे परकी असली तरी वाक्याचा सांगाडा मराठीच राहिला होता. शब्द परके झाले तर कोश करून ते परत आणता येतात. सांधा निखळला तर त्यासाठी कोश नाही.

यासाठी फार दूर जावयास नको. सिरुसेरीच्या बस थांब्यावर घटकाभर उभे राहावे. घराला तमिळमध्ये 'वीडु'. घरात म्हणायचे तर 'वीट्टिल'. पाहा, नामाचे रूप पालटले, आपल्या सामान्यरूपासारखेच. घरातून म्हणायचे तर 'वीट्टिलिरुंदु'. 'इल' म्हणजे आत, आणि 'इरुंदु' म्हणजे शब्दशः 'असून'. घरातून निघण्यासाठी तमिळ माणूसही आपल्यासारखाच आधी घरात असतो! कुळाने ही भाषा आपल्याहून भिन्न, पण वाक्य बांधण्याच्या या रीतीत ती इंग्रजीपेक्षा आपल्याला किती जवळची! आमचा वाहक इंग्रजी शब्द थोडे वापरतो असे नाही; पण तो 'बस्लेरुंदु' उतरा म्हणतो आणि 'ऑफिस्ल' विचारा म्हणतो. नाम इंग्रजी, प्रत्यय अस्सल तमिळ. प्रारंभी आम्ही त्याचे 'ऑफिस्ल' हे आपले 'ऑफिसला' समजून फसत असू; त्याचा अर्थ 'ऑफिसात' आहे हे फार उशिरा कळले. त्या वाहकाला आपल्या प्रत्ययाची लाज वाटत नाही. लाज वाटते ती आम्हा पदवीधरांना.

आता कचेरीकडे वळू, कारण रोगाचे मूळ तेथे आहे. आमच्या टेबलावरून रोज जाणारी इंग्रजी पाहा. 'विथ रेफरन्स टु', 'इन रिस्पेक्ट ऑफ', 'इन कनेक्शन विथ', 'इन अकॉर्डन्स विथ', 'थ्रू द मीडियम ऑफ'. एक शब्दयोगी, मग एक जाडजूड नाम, मग पुन्हा एक शब्दयोगी. जेथे एका 'अबाउट'ने किंवा 'बाय'ने भागले असते तेथे तिघांची पालखी. 'च्या संदर्भात', 'च्या बाबतीत', 'च्या अनुषंगाने', 'च्या माध्यमातून' ही या पालख्यांची भाषांतरे होत. पण ज्यांची ही इंग्रजी, त्या इंग्रजांचे तिच्याविषयी मत काय आहे? फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात या संयुक्त शब्दयोगींवर स्वतंत्र टिपण लिहून त्यांना झोडपले. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश खजिना खात्याच्या विनंतीवरून, सरकारी नोकरांसाठीच म्हणून, १९४८ साली 'प्लेन वर्ड्‌स' हे पुस्तक लिहिले आणि हा फापटपसारा टाकून द्या असे बजावले. म्हणजे मालकाने जे जुनेर म्हणून उकिरड्यावर टाकावयास काढले, ते आपण उचलून आणून शालू म्हणून मराठीला नेसवीत आहोत!

प्रतिपक्षास न्याय द्यावयास हवा. 'लुक आफ्टर', 'लुक इंटु', 'लुक अप' यांत एकाच क्रियापदाला निरनिराळी क्रियाविशेषणे आणि शब्दयोगी जोडून इंग्रजी जी सांभाळणे, चौकशी करणे, शोधून काढणे अशी नाना अर्थांची आतषबाजी करते, ती खरोखर संपन्न आहे. मराठीने तेच वैभव दुसऱ्या रीतीने साधले: बघून घे, बघून ठेव, बघत बस. तसेच 'अध्यक्षतेखाली', 'मार्गदर्शनाखाली' यांतला 'खाली' इंग्रजी 'अंडर'वरून आला असला तरी तो सांधा जोडून राहतो. त्याला उपटण्याचा आमचा आग्रह नाही. जे आले आणि घरचे झाले त्याच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते लाजेच्या विषम वाटपाशी.

या लाजेचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरातील कचेरीत, आमच्या एका मसुद्यात 'डिस्कस'पुढे 'अबाउट' पडला. मराठी माणूस एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो. ते 'विषयी' आमच्या हातून इंग्रजीत उतरले, इतकेच. वरिष्ठांनी त्यावर लाल वर्तुळ काढले, आम्हास बोलावून ते वाक्य चौघांसमक्ष मोठ्याने वाचावयास लावले, आणि विचारले, "पदवी कुठून मिळवलीत?" वरिष्ठ मराठीच होते. चूक आमची होती आणि ती आम्ही पुन्हा केली नाही. पण त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या हाती मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण दिले, त्यात 'सभागृह च्या मध्ये' असे छापले होते. आम्ही ते दाखवून दिले. ते हसून म्हणाले, "अहो, मराठीच तर आहे, समजले ना?"

'मराठीच तर आहे.' वाचकहो, या तीन शब्दांवर आमचा राग आहे. इंग्रजीतला एक फाजील शब्दयोगी आपल्याला भर कचेरीत मान खाली घालावयास लावतो, आणि मराठीतली मोडलेली विभक्ती आपण हसण्यावारी नेतो. पहिली चूक अज्ञानाची, दुसरी अनादराची. त्या 'इन' आणि 'ऑन'च्या रूढी पाठ करण्यात आपण शाळेपासून भरती-परीक्षेपर्यंत किती वर्षे घालविली! त्याचा दशांशही काळ मराठी आपणाकडे मागत नाही. ती फक्त कान मागते.

आणि आपले कान बधिर झाले तर पुढे काय होणार हे घरातच दिसू लागले आहे. येथील शाळांत आपल्या मुलांना मराठी नाही. त्यांना मराठीची शाळा एकच, ती म्हणजे आईबापांचे बोलणे. अशा मुलांच्या तोंडून शब्द लवकर जात नाहीत. आधी जाते ते सामान्यरूप. आमचा सात वर्षांचा मुलगा 'मांजर झाड वर बसली' असे सांगू लागला, तेव्हा सुटीत आलेल्या त्याच्या आजीने आमच्याकडे पाहिले. ती बोलली काही नाही. मुलगा मांजर विसरला नव्हता, झाड विसरला नव्हता. त्या दोघांना बांधणारी दोरी विसरला होता. तो दोष बदलीचा नव्हे, शाळेचा नव्हे, तमिळ शेजाऱ्यांचा तर नव्हेच. ती दोरी त्याने आमच्या तोंडूनच पुरेशी ऐकली नव्हती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. तेव्हा व्यंकोजीराजांना या मुलखात येऊन सव्वाशे वर्षे लोटली होती. सव्वाशे वर्षे ज्यांनी भाषा राखली त्यांच्याच मुलखात, बदलीवर आलेले आपण पाच वर्षांत विभक्ती सांडतो आणि दोष परिस्थितीला देतो!

म्हणून आमची मागणी अल्प आहे. इंग्रजीवर आमचे पोट चालते. ती चोख लिहावी, त्यात हयगय नको. परंतु मराठी लिहितावाचता त्याच लाल शाईचे दोन थेंब तिच्यासाठीही राखून ठेवावेत. मंडळाची सूचना लिहिताना 'माध्यमातून' आले की तेथे 'ने', 'कडून' किंवा 'मार्फत' बसते का ते पाहावे. 'संदर्भात' आले की 'विषयी' बसते का ते पाहावे. प्रत्यय जोडून लिहावा. मूल 'झाड वर' म्हणाले तर त्याला रागावू नये, हसू तर मुळीच नये. 'हो का, झाडावर बसली?' असे म्हणून तो सांधा त्याच्या कानावर पुन्हा घालावा. मूल तेवढ्याने शिकते. आमच्या घरी ते शिकत आहे.

राहता राहिली लिफ्टशेजारची ती सूचना. तिच्यात बत्तीस शब्द आहेत. आम्ही ती पुन्हा लिहून काढली आहे: "गणेशोत्सवाची वर्गणी पंधरा तारखेपूर्वी कोषाध्यक्षांकडे द्यावी." सहा शब्द. पुढच्या वर्षी ही लावावी, अशी त्या गृहस्थांना आमची सविनय विनंती आहे.